वजूचं पाणी आणि परसातला लव्हाळा



मागे आम्ही या पानावर परसातल्या अळू-केळीबद्दल लिहिलं होतं. त्यावर एका भगिनीने विचारलं, ‘आमच्या मोरीमागे बारा महिने ओल असते. शेवाळ धरतं, डास होतात. सगळे म्हणतात, सिमेंट करून टाका. तुमचं काय म्हणणं?’

आमचं म्हणणं सांगण्याआधी आमची चूक सांगायला हवी. कारण आम्ही आधी सिमेंटच केलं होतं.

आमचं घर कोकणातलं, जांभ्याच्या चिऱ्यांचं. मागच्या पडवीच्या टोकाला वजूची जागा. एक नळ, एक लाकडी पाट आणि पुढे उतरती जमीन. अब्बांच्या वडिलांपासून सगळे तिथेच वजू करत आले. पूर्वी पाणी विहिरीतून ओढून लोट्याने घ्यावं लागे, तेव्हा ते मोजूनमापून वापरलं जाई आणि जमीन ते पिऊन टाके. नळ आला आणि हिशेब सुटला. पायांनी तुडवून तुडवून तिथली माती दगडासारखी घट्ट झाली. पाणी वर साचू लागलं. तीन वर्षांपूर्वी पावसाळ्यात फजरच्या वेळी अम्मी त्या शेवाळावरून घसरल्या आणि उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर होतं.

त्याच महिन्यात आम्ही गवंडी बोलावला. जमीन सपाट करून कोबा घातला, गडग्याच्या दिशेने उतार दिला आणि गडग्याच्या तळाशी एक चिरा काढून पाण्याला वाट करून दिली. आमची जागा कोरडी झाली. आम्ही अल्लाहचे आभार मानले.

दीड महिन्याने शेजारच्या काकू पडवीत येऊन उभ्या राहिल्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत. अम्मींना म्हणाल्या, ‘भाभी, रागावू नका, पण तुमचं पाणी आमच्या पाखाडीवर येतंय. काल नातू घसरला. कपाळाला दोन टाके पडले.’

आम्ही गडग्यापलीकडे जाऊन पाहिलं. त्यांच्या पायऱ्यांवर तेच हिरवं शेवाळ होतं, जे आमच्या दारातून आम्ही हटवलं होतं. आमच्या घरातलं घसरणं आम्ही फक्त पलीकडे पाठवलं होतं.

त्या रात्री अब्बा जेवताना फार बोलले नाहीत. शेवटी एवढंच म्हणाले, ‘ज्याच्या त्रासापासून शेजारी सुरक्षित नाही, त्याच्या ईमानाबद्दल प्रेषितांनी (स.) काय फरमावलंय, ते तुम्ही शाळेत मुलांना शिकवता ना? मग वजूच्याच पाण्याने शेजाऱ्याला त्रास द्यायचा?’ आमच्याकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो चिरा परत बसवला. म्हणजे पाणी पुन्हा आमच्याकडे तुंबलं आणि प्रश्न होता तिथेच आला.

आधी नळ, मग जमीन

पहिलं काम आम्ही केलं ते मोजण्याचं. एक दिवस नळाखाली बादली ठेवली. एका वजूला जवळजवळ पाच लिटर पाणी जात होतं. घरात पाच माणसं. शाळा-नोकरीच्या वेळा सोडल्या तरी दिवसाला ऐंशी लिटरच्या आसपास पाणी त्या एका कोपऱ्यात पडत होतं. प्रेषित (स.) एक मुद्द पाण्यात वजू करत, असं बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आलं आहे. एक मुद्द म्हणजे आजच्या मापात साधारण लिटरच्या आतच. इब्ने माजाच्या संग्रहात हजरत सअद (रजि.) यांचा प्रसंग आहे. ते वजूला जास्त पाणी वापरत असल्याचं पाहून प्रेषितांनी (स.) त्यांना टोकलं आणि वाहत्या नदीकाठी असलात तरी तो अपव्ययच, असं बजावलं.

हे आम्हाला पाठ होतं. बादली मात्र कधी ठेवली नव्हती. आता पाटाजवळ पुन्हा लोटा आला आहे आणि एका वजूला दीड लिटर पुरतं. एका मुद्दापर्यंत अजून पोचलो नाही, पण निम्म्याहून जास्त पाणी वाचलं.

उरलेल्या पाण्याचं काय करायचं? इथे एक शंका अनेकांच्या मनात असते. वापरलेलं वजूचं पाणी झाडाला घालावं का? आमच्या कोकणात शाफई फिकह पाळतात, घाटावर बहुतेक ठिकाणी हनफी. दोन्हींत हे मुस्तअमल पाणी स्वतः पाक आहे. फक्त त्याने पुन्हा वजू होत नाही. तेव्हा ते मातीला, झाडाला द्यायला हरकत नाही. शिवाय वजूच्या पाण्यात साबण नसतो, तेल नसतं. परसातल्या रोपाला याहून चांगलं सांडपाणी मिळणार नाही.

आमची दुसरी चूक

कोबा फोडला. तिथे ओलाव्यात तग धरेल असं काहीतरी लावायचं ठरलं. एक दिवस अत्तराच्या दुकानात नागरमोथ्याचा विषय निघाला. नागरमोथ्याच्या गाठींचं तेल अत्तरात वापरतात. युनानी औषधांत याच गाठीला ‘सअद कूफी’ म्हणतात. उर्दूत लिहाल तर सीन, ऐन, दाल. वर ज्या हजरत सअद (रजि.) यांचा उल्लेख आला, त्यांच्या नावाचीही तीच तीन अक्षरं. भाषा शिकवणाऱ्याला असा योग सापडला की तो हरखतो. आम्हीही हरखलो आणि शेताच्या बांधावरून टोपलीभर मोथा आणून लावला.

शेतकरी वाचक इथे हसले असतील. मोथा ही काही लावायची गोष्ट नव्हे! जगातल्या सर्वांत चिवट तणांत त्याची गणना होते. जमिनीखाली दोऱ्यासारखे धागे पसरतात, धाग्याला काळी गाठ, गाठीपुढे पुन्हा धागा, पुन्हा गाठ. वरून उपटलं तर गाठ खालीच राहते आणि आठवड्याभरात नवी पात डोकं काढते. पहिल्या पावसाळ्यात त्याने आमचा मिरचीचा वाफा घेतला. दुसऱ्या पावसाळ्यात तो गडग्याखालून काकूंच्या अबोलीत निघाला.

या वेळी काकू आल्या त्या हातात एक गाठ घेऊन. चुरगाळून वास घेत म्हणाल्या, ‘हा तर नागरमोथा! दिवाळीच्या उटण्यात घालतो आम्ही. पण बाजारातून पाच रुपयांचा आणतो हो, शेतभर नाही.’ अम्मींना हसू आवरेना. मग दोन्ही घरांनी मिळून तीन रविवार कुदळीने माती चाळून गाठी काढल्या. उन्हात वाळवून त्यांतल्या थोड्या काकूंनी उटण्यासाठी ठेवल्या, बाकीच्या जाळल्या. अजूनही एखादी पात कुठेतरी दिसते आणि आम्ही मुकाट्याने खाली बसून ती मुळापासून उकरतो.

खरा गडी : लव्हाळा

मोथा ज्या कुळातला, त्याच कुळात ओढ्याकाठचा उंच लव्हाळा येतो. गावोगावी नावं बदलतात. कुठे मोथ्यालाच लव्हाळा म्हणतात, म्हणून नावावर जाऊ नका, खूण पाहा. गवत आणि हे कूळ वेगळं ओळखायची एक युक्ती आम्ही वर्गात मुलांना शिकवतो. फुलाचा दांडा चिमटीत धरून फिरवायचा. गवताचा दांडा गोल फिरतो, त्यावर पेरं असतात आणि बहुधा तो आत पोकळ असतो. मोथा-लव्हाळ्याचा दांडा बोटांना टोचत, अडत फिरतो, कारण त्याला तीन कडा असतात. पेरं नसतात, आत भेंड भरलेलं असतं.

आता लावायचा लव्हाळा आणि टाळायचा मोथा यांतला फरक जमिनीखाली कळतो. हलकेच उकरून पाहा. दोऱ्यासारखे लांब धागे आणि त्यांवर सुवासिक काळ्या गाठी दिसल्या तर तो मोथा, त्याला घरात आणू नका. जाडसर, आखूड खोड आणि त्याला एकमेकांना चिकटून आलेले कोंब दिसले तर ते आपल्या कामाचं. ते गड्ड्याने वाढतं, वर्षाला वीतभर पुढे सरकतं आणि कोयत्याच्या एका घावात आवरता येतं.

रोपवाटिकेत छत्रीसारख्या पानांचं एक शोभेचं रोप मिळतं. तेही याच कुळातलं, पण मूळचं आफ्रिकेकडचं. आम्ही ते घेतलं नाही. जे आपल्याच ओढ्याकाठी हजारो वर्षं आपला पाऊस आणि आपला उन्हाळा सोसत आलं आहे, ते असताना बाहेरचं कशाला?

आमच्या वरच्या अंगाला एक ओढा आहे. त्याच्या काठची जागा ज्यांची, त्यांना विचारून आम्ही दोन गड्डे आणले. विचारून हे महत्त्वाचं, कारण ओढ्याकाठचं रोप फुकट दिसलं तरी ते कुणाच्या तरी जमिनीचा बांध धरून असतं. मधून काढायचं नाही, कडेचं थोडंसं काढायचं आणि खड्डा मातीने बुजवून यायचं.

कसं लावलं

ज्यांना करून पाहायचं आहे त्यांच्यासाठी नीट क्रमाने लिहितो.

जागा भिंतीपासून लांब हवी. आम्ही घराच्या पायापासून दहा फूट सोडले आणि विहिरीच्या विरुद्ध बाजू घेतली. वजूच्या पाटापासून तिथपर्यंत चिऱ्यांची उथळ पाट काढली. माणूस चालतो तिथे आता पाणी नाही आणि पाणी आहे तिथे माणूस चालत नाही. अम्मींसाठी पाटाशेजारी भिंतीला लोखंडी कठडाही बसवला. झाडं लावून हाताचा आधार मिळत नाही, ते वेगळं काम आहे आणि ते आधी करावं.

मग सहा फूट लांब, तीन फूट रुंद आणि नऊ इंच खोल खड्डा घेतला. तळ पहारीने फोडून भुसभुशीत केला. हेच खरं कष्टाचं काम. घट्ट तळावर काहीही लावलं तरी ते डबकंच होणार. खड्डा पाण्याने भरून घड्याळ लावलं. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंत पाणी मुरलं, तर जागा पास. दोन दिवसांनंतरही पाणी उभं राहत असेल तर तळ आणखी खोल फोडा. डासाच्या अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात. पाणी दोन दिवसांत मुरलं तर त्याला तेवढी सवडच मिळत नाही.

तळाला चार बोटं खडी, वर मूळची माती, त्यात थोडी वाळू आणि एक घमेलं जुनं शेणखत. एवढंच. शेणखत जास्त नको, लव्हाळा खादाड नाही.

लावायची वेळ मृगाचा पाऊस सुरू झाल्यावर. गड्डा कोयत्याने फोडून असे तुकडे करावेत की प्रत्येकाला तीन-चार कोंब आणि मुळं असतील. वरची पात वीतभर ठेवून छाटावी, म्हणजे मुळं धरेपर्यंत रोपावर भार येत नाही. एक-एक फुटावर लावून पायाने माती दाबावी. आमच्या दोन गड्ड्यांचे चौदा तुकडे झाले. बारा जगले. पहिला महिना मुळं सुकू द्यायची नाहीत, एवढंच पथ्य. जागेला निदान अर्धा दिवस ऊन हवं, गर्द सावलीत पात लोळते.

कोकणातल्या पावसात कोणताही खड्डा भरून वाहणार. म्हणून खालच्या कडेला एक उतरणी ठेवली आणि तिचं तोंड आमच्याच माडाच्या आळ्यात काढलं. गडग्याकडे नाही. उन्हाळ्यात उलट होतं. सगळं परस तापलेलं असताना रोजच्या वजूच्या पाण्यावर लव्हाळा हिरवा राहतो.

हा लव्हाळा आत काय करतो? त्याच्या दांड्यात आणि मुळांत हवेच्या पोकळ्या असतात. त्यांतून तो चिखलातल्या मुळांपर्यंत हवा नेतो. इतर झाडांची मुळं जिथे गुदमरून कुजतात तिथे त्याची जगतात. मुळांच्या बारीक जाळ्यातून पाण्याला खाली जायला वाट मिळते आणि माती वाहून जात नाही. मुळांभोवती राहणारे सूक्ष्म जीव पाण्यातला मळ खातात. पण त्यांच्यावर जास्त भार टाकू नये. कपड्यांच्या साबणाचं आणि भांड्यांचं तेलकट पाणी आम्ही या खड्ड्यात सोडत नाही.

साप येतील का, हा प्रश्न अम्मींचा. ओल आणि बेडूक असतील तर साप येऊ शकतो, उगाच नाही म्हणणार नाही. म्हणूनच खड्डा दारापासून लांब आहे, वाट मोकळी आहे, आणि रात्री तिकडे जायचं तर बॅटरी घेऊनच. वर्षातून एकदा, पावसाळ्याआधी, सगळी पात वीतभर ठेवून कापतो. कापलेली पात माडाच्या आळ्यात अंथरतो.

एका चटईची गोष्ट

परसात हे काम चालू असताना अब्बांनी उहुदची आठवण काढली. हिजरी 3, म्हणजे इ.स. 625. प्रेषितांच्या (स.) चेहऱ्याला जखम झाली होती. हजरत अली (रजि.) ढालीतून पाणी आणत होते आणि हजरत फातिमा (रजि.) जखम धूत होत्या. रक्त थांबेना, तेव्हा त्यांनी चटईचा तुकडा जाळून त्याची राख जखमेवर दाबली आणि रक्त थांबलं. हा प्रसंग बुखारीत आहे. चौदाव्या शतकातले विद्वान इमाम इब्ने कय्यिम यांनी ‘जादुल मआद’मध्ये या उपायाबद्दल लिहिताना बर्दीच्या चटईची राख सांगितली आहे. बर्दी म्हणजे ज्यापासून इजिप्तमध्ये पूर्वी कागद करत ती वनस्पती. ती या लव्हाळ्या-मोथ्याचीच सख्खी भावंड. (आज जखमेवर राख लावू नका, दवाखान्यात जा.)

आपल्याच देशात तमिळनाडूच्या तिरुनेलवेली जिल्ह्यात पत्तमडै नावाचं गाव आहे. तिथली मुस्लिम कुटुंबं कोरै नावाच्या अशाच त्रिकोणी दांड्याच्या वनस्पतीपासून रेशमासारख्या मऊ चटया विणत आली आहेत. निकाहासाठी वधू-वरांची नावं विणलेली चटई हे तिथलं वैशिष्ट्य. आमच्या बारा रोपांतून चटई होणार नाही. पण ओलीत उगवलेल्या या साध्या पातीवर किती लोकांनी सजदे केले असतील, हे मनात आलं की परसातला तो कोपरा वेगळा वाटतो.

मराठी शाळेत आम्ही सगळेच तुकाराम महाराजांचा लव्हाळा शिकलो आहोत. महापुरात मोठी झाडं वाहून जातात, वाकणारा लव्हाळा राहतो. बुखारी आणि मुस्लिममध्येही एक उपमा आहे. मोमिन कोवळ्या रोपासारखा असतो, वाऱ्याने झुकतो आणि पुन्हा उभा राहतो. मुनाफिक ताठ देवदारासारखा, जो झुकत नाही आणि एकदम उन्मळून पडतो. वर्गात एकीकडून उर्दू आणि एकीकडून मराठी शिकवताना या दोन उपमा शेजारी ठेवल्या की मुलं आपोआप गप्प होऊन ऐकतात.

झुकायचं म्हणजे काय, हे मात्र आम्हाला काकूंच्या पाखाडीवर कळलं. त्यांच्याकडे जाऊन ‘चूक आमची आहे’ म्हणणं हे नऊ इंच खड्डा खणण्यापेक्षा जड गेलं. पहिल्यांदा अब्बा गेले, मोथ्याच्या वेळी आम्ही गेलो. नातवाच्या कपाळावरची खूण अजून आहे. तो येता-जाता आमच्या खड्ड्याशी थांबून बेडूक मोजतो, आणि ती खूण दिसली की आमची नजर खाली जाते.

या पावसाळ्यात त्यांच्या पायऱ्या कोरड्या आहेत. म्हणजे पाऊस पडतो तेवढाच ओलावा, आमचा एक थेंबही नाही. लव्हाळा आता कमरेएवढा झालाय. सकाळी त्याच्या तुऱ्यांवर मुनिया बसतात. प्रेषितांनी (स.) फरमावलं आहे की मुसलमानाने लावलेल्या रोपातून माणसाने, जनावराने किंवा पाखराने खाल्लं तर तो त्याचा सदका होतो. मुनिया दाणे टिपतात तेव्हा अम्मी, ज्यांचं मनगट थंडीत अजून दुखतं, हळूच म्हणतात, ‘घ्या, घ्या.’

पत्र लिहिणाऱ्या भगिनीला आमचं सांगणं इतकंच. तुमच्या मोरीमागची ओल सिमेंटखाली झाकण्याआधी गडग्यापलीकडे एक फेरी मारून या. पाणी आपल्या हातून सुटलं म्हणजे आपली जबाबदारी सुटली असं नाही. ते जमिनीत मुरेपर्यंत आपलंच असतं. आधी नळाखाली बादली ठेवा, मग माती फोडा, मग लव्हाळा लावा. आणि मोथा ओळखायला शिका.

अल्लाह आपल्या सर्वांना पाण्याची कदर आणि शेजाऱ्याचा हक्क जाणण्याची तौफीक देवो. आमीन.